दिवाणखान्यांतील तळें

दिवाणखान्याच्या कोनाड्यांत कांचेचा एक गोल हंडा, त्यांत रंगीत खडे आणि दोन सोनेरी मासे, हें दृश्य आपल्या घरांतून आतां नवें राहिलेलें नाहीं. तोच हंडा तीन आठवड्यांनीं कोरडा होऊन माळ्यावर गेलेला दिसतो, हेंही तितकेंच परिचयाचें आहे. मधल्या काळांत काय घडतें तें घरोघर सारखेंच असतें. पाणी गढूळ होतें, एके सकाळीं एक मासा उताणा तरंगतांना दिसतो, मुलें रडतात, आणि घरांतील आजी किंवा मोठ्या काकू एकदांच पण स्पष्ट विचारतात कीं, ज्या घरांत मासळी शिजत नाहीं त्या घरांत हौसेखातर मुका जीव मारावयाचें काय कारण? या प्रश्नाला थट्टेनें बगल देणें सोपें आहे. परंतु आम्हांला तो अगदीं रास्त वाटतो. मासा पाळावयाचा तर तो जगला पाहिजे, आणि जगविण्याची तयारी नसेल तर तो घरीं आणूं नये, एवढें आजींचें म्हणणें मान्य करूनच आम्ही पुढें लिहीत आहोंत.

हंड्यांतला मासा बहुधा उपासमारीनें मरत नाहीं; तो मरतो आपल्याच उत्सर्गानें. माशाच्या कल्ल्यांवाटे अमोनिया सतत पाण्यांत उतरत असतो, आणि उरलेलें अन्न कुजून त्यांत भर पडते. तळ्यांत हा अमोनिया वनस्पती शोषून घेतात, व कांहीं सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवितात. यांपैकीं पहिले दोन पदार्थ माशाला थोड्या प्रमाणांतही घातक, तिसरा पुष्कळच सौम्य. हंड्यांत वनस्पती नसतात, जंतूंना वस्ती करावयास माती नसते, आणि जी थोडीफार वस्ती खड्यांवर झाली असेल ती आपण दर चार दिवसांनीं खडे खळखळून धुऊन उठवून लावतों. शिवाय सोनमासा हा मुळीं हंड्यांत मावणारा प्राणीच नव्हे. शतपथ ब्राह्मणांतील मनूच्या माशाची कथा वाचकांस ठाऊक आहेच. तो कुंभांतून खड्ड्यांत आणि खड्ड्यांतून समुद्रांत गेला. सोनमाशाचा अवतार तेवढा मोठा नसतो. तरी दुकानांतला दीड इंची सोनमासा नीट जगला तर वीतभर वाढतो. मनूचा मासा निदान बोलून दाखवीत होता, हा बिचारा तेंही करीत नाहीं.

यावरचा उपाय जुनाच आहे. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं तेथील केमिकल सोसायटीपुढें आपला एक प्रयोग मांडला. बारा गॅलनांच्या कांचपात्रांत त्यानें तळाशीं वाळू व चिखल घातला, व्हॅलिस्नेरिया नांवाची लांब फितीसारख्या पानांची पाणवनस्पति लावली, आणि दोन सोनमासे सोडले. वनस्पति माशांना प्राणवायु देईल, मासे वनस्पतीला कर्बवायु देतील, आणि दोघांचा संसार सुरळीत चालेल अशी त्याची कल्पना. कांहीं दिवस तो चाललाही. मग वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढुळलें, कांचेवर हिरवट थर चढला. दुसऱ्या कोणी येथें पात्र रिकामें केलें असतें. वॉरिंग्टननें त्यांत पांच-सहा पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें व तो थर खाऊन टाकला, त्यांच्या अंड्यांवर मासे पोसले, आणि पाणी पुन्हां निवळलें. या हकीकतींतील खरी नायिका आमच्या मतें गोगलगाय आहे. घरांतील केरकचरा आवरणाऱ्याची आठवण सर्वांत शेवटीं व्हावी, हें त्या पात्रांतही चुकलें नाहीं!

वॉरिंग्टनचें लक्ष मुख्यतः प्राणवायूवर होतें. वनस्पतींचा त्याहूनही मोठा उपकार असा कीं, माशाला विष असलेला अमोनिया त्या आपलें आवडतें अन्न म्हणून उचलतात. अमेरिकेंतील डायना वॉल्स्टॅड या विदुषीनें १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हा विचार शास्त्रीय आधारासह सविस्तर मांडला. साधी बागेंतली माती, खिडकीचा उजेड आणि दाट वनस्पती यांवर, यंत्रांचा आधार फारच थोडा घेऊन, मत्स्यालय वर्षानुवर्षें चालूं शकतें, असा त्याचा इत्यर्थ आहे. मध्यम स्थितींतल्या आपल्या घरांना हीच पद्धति मानवण्यासारखी आहे.

पेटी गोल नको, चौकोनी हवी. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच ही नवशिक्याला उत्तम. त्याहून लहान पेटी स्वस्त पडते, परंतु थोड्या पाण्यांत बिघाड लौकर होतो. भरल्यावर हिचें वजन सत्तर किलोच्या आसपास जातें, म्हणून ती कोनाड्यांतल्या फळीवर न ठेवतां भक्कम टेबलावरच ठेवावी, आणि एकदां भरल्यावर हलवूं नये. सकाळचें कोंवळें ऊन तासभर मिळेल अशी खिडकी चांगली. पश्चिमेचें ऊन नको, त्यानें पाणी तापतें.

खरें महत्त्व मातीला. बागेंतली जुनी माती चाळून, काड्या व मुळ्या वेंचून घ्यावी; तींत शेणखत किंवा रासायनिक खत मुळींच असूं नये, कारण तें पाण्यांत उतरून पहिल्याच आठवड्यांत अनर्थ करतें. देशावरची निव्वळ काळी माती फार चिकट. तींत तिसरा हिस्सा जाडी वाळू मिसळावी. हा थर इंचभर, आणि त्यावर धुतलेल्या बारीक खडीचा तितकाच थर. खडींत शिंपल्यांचा अंश असेल तर पाणी जड होतें; चार खड्यांवर लिंबू पिळून पाहावें, फसफसले तर ती खडी नको. मातीचा हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. माती मुळांना अन्न पुरविते हें तर खरेंच. परंतु तींतला कुजका अंश हळूहळू विघटित होऊन जो कर्बवायु सुटतो तो पाण्यांतल्या वनस्पतींना अमूल्य असतो. बाजारांत ज्याच्यासाठीं नळकांडीं विकतात तें काम येथें मूठभर माती फुकट करते.

वनस्पती पहिल्याच दिवशीं दाट लावाव्यात. तळाचा तीन-चतुर्थांश भाग झांकला पाहिजे. येथें काटकसर करणें म्हणजे ती जागा शेवाळाला आंदण देणें होय. व्हॅलिस्नेरिया व हायड्रिला झपाट्यानें वाढतात, म्हणून आरंभीं त्याच अधिक हव्यात. क्रिप्टोकोरीन सावकाश वाढते, पण एकदां रुजली कीं वर्षानुवर्षें टिकते. तिच्या कांहीं जाती सह्याद्रीच्या ओढ्यांतून रानटी वाढतात. त्या तेथून उपटून आणूं नयेत, रोपवाटिकेंतलींच रोपें घ्यावींत. मग खडीवर एक बशी ठेवून तिच्यावर पाण्याची धार सोडावी, म्हणजे माती उधळत नाहीं. नळाचें पाणी एक दिवस उघड्या बादलींत ठेवल्यास त्यांतला क्लोरीन उडून जातो. जेथें क्लोरामाइन घालतात तेथें मात्र हा उपाय पुरत नाहीं. दुकानांत मिळणारें औषध वापरावें लागतें.

आतां सर्वांत कठीण भाग, आणि तो म्हणजे कांहींएक न करणें. पेटी भरल्यावर चार ते सहा आठवडे तींत मासे सोडूं नयेत. फार तर चार-दोन गोगलगाई सोडाव्यात. या अवधींत मातींतून अमोनिया सुटतो, जंतूंची वस्ती वाढते, मुळें धरतात. मध्यंतरीं पाणी पिवळसर होईल, एखाद्या पंधरवड्यांत हिरवेंही होईल, कांचेवर तंतूंचें शेवाळ येईल, आणि घरांतील प्रत्येकजण येतां-जातां "मासे कधीं?" म्हणून विचारील. या काळांत दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें, शेवाळ हातानें काढावें, व दिवा लावीत असल्यास त्याचे तास कमी करावेत. दिवा सकाळीं पांच तास, दुपारीं चार तास बंद, पुन्हां पांच तास असा ठेवल्यास अधिक बरें. दुपारच्या विसाव्यांत कर्बवायु पुन्हां सांचतो. दुकानदार "उद्यांच मासे सोडा" म्हणून सांगेल. त्याचा धंदा मासे विकण्याचा आहे, हें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे.

मासे लहान व थोडे घ्यावेत. या पेटीला सहा झेब्रा मासे व गुरामीची एक जोडी पुरेशी आहे. झेब्रा मासा हा आपल्याच देशाचा. गंगेच्या खोऱ्यांतील माशांच्या वर्णनांत फ्रान्सिस हॅमिल्टननें १८२२ सालीं त्याची नोंद केली, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांतून हृदयाचा व अनुवंशाचा अभ्यास त्याच्यावर चालतो. तो उड्या मारतो, म्हणून पेटीवर झांकण हवें. मधाच्या रंगाची लहान गुरामी ईशान्य भारत व बांगलादेश इकडची. ती पृष्ठभागीं येऊन हवेचा श्वास घेते, तेव्हां झांकणाखालीं दोन बोटें जागा मोकळी सोडावी.

येथून पुढें धोका आहे तो प्रेमाचा. आजोबा संध्या आटोपून चिमूटभर दाणे टाकतात, मुलें शाळेला जातांना टाकतात, काका कचेरींतून आल्यावर टाकतात, आणि कोणी टाकलें नसेल या काळजीनें काकू पुन्हां टाकतात. आठ माशांना आठ माणसें जेवूं घालूं लागलीं म्हणजे जंतूंची आणि वनस्पतींची कितीही मोठी फौज हरते. यास्तव आमची आग्रहाची सूचना अशी कीं, दाण्यांची डबी एकाच व्यक्तीच्या ताब्यांत असावी, आणि शक्य तर ती व्यक्ति दहा-बारा वर्षांची असावी. दोन मिनिटांत संपेल तेवढेंच अन्न, दिवसांतून एकदां. आठवड्यांतून एक दिवस निर्जळी नव्हे पण निराहार उपास माशांना मानवतो; एकादशीला तो धरावयास हरकत नाहीं, मात्र त्या दिवशीं साबुदाणा घालूं नये. गांवीं जावयाचें झाल्यास आठवडाभर मासे अन्नावांचून सुखानें राहतात. शेजाऱ्यांच्या हातीं डबी देऊन जाण्यांत मात्र खरा धोका असतो.

बाकीची निगा फारशी नाहीं. घडी बसल्यावर महिन्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. नुसती भर घालीत राहिल्यास आटलेल्या पाण्याचे क्षार मागें सांचतात. तळ पूर्ण उपसून दिवाळीची झाडलोट कधींही करूं नये. मातीला कुजका वास येऊं लागल्यास विणकामाच्या सुईनें ती जागोजाग हळूच टोंचावी. उन्हाळ्यांत लक्ष अधिक हवें. वीस अंश उष्णतेच्या लिटरभर पाण्यांत नऊ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर तीस अंशांवर साडेसातच. आणि रात्रीं वनस्पतीही प्राणवायु घेतात. मे महिन्यांत पहांटे मासे तोंड वर करून धापा टाकूं लागले तर कांहीं पाणी बदलावें, झांकण सरकवून पंख्याचा वारा घ्यावा, वनस्पती फार माजल्या असतील तर छाटाव्यात.

इतकें करूनही झेब्रा मासा दोन-तीन वर्षांनीं म्हातारा होऊन मरतो. तें मुलांना आधींच सांगून ठेवावें. अमोनियानें तीन आठवड्यांत मेलेला मासा आणि आपलें आयुष्य पुरें करून गेलेला मासा यांतला भेद आजींना कळतो, असा आमचा अनुभव आहे.

एका बाबतींत मात्र आजींच्या मताविरुद्ध आम्हांला लिहिणें भाग आहे. मासे नकोसे झाले कीं ते नदींत सोडावेत, जीवदानाचें पुण्य लागतें, अशी समजूत आहे. डांसांसाठीं परदेशांतून आणलेला गप्पी मासा आज आपल्या ओढ्या-नाल्यांतून सर्वत्र झाला आहे. कांच साफ करतो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेंतील सकर मासा देशांतील अनेक जलाशयांत पसरून देशी माशांच्या मुळावर उठला आहे, आणि तिकडूनच आलेल्या जलपर्णीनें मुळा-मुठा व पवना यांची काय दशा केली ती पुणेकर दरवर्षीं पाहतात. यास्तव मासे नको असल्यास ते दुसऱ्या हौशी घरीं द्यावेत. छाटलेल्या वनस्पती मोरींत न टाकतां वाळवून तुळशीच्या कुंडींत घालाव्यात, किंवा ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून शेजारीं द्याव्यात. विरजण जसें एका घरून दुसऱ्या घरीं जातें, तशी एका पेटींतली व्हॅलिस्नेरिया वर्षभरांत आळींतल्या चार घरांना पुरते.