समुद्रतळाचा कानोसा

ब्राझीलमधील रिओ दि जानेरो शहराहून पॅरिसकडे निघालेले एअर फ्रान्सचे विमान १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळले. त्यातील २२८ जणांपैकी एकही वाचला नाही. अपघाताचे कारण ज्यांत नोंदले गेले होते ती नोंदयंत्रे सुमारे ३,९०० मीटर खोल तळाशी गेली होती. त्याच जातीची विमाने जगभर प्रवाशांना घेऊन उडत होती. तेव्हा ती यंत्रे मिळविणे अगत्याचे होते.

पण एवढ्या खोलीवर शोध घ्यावा कसा? हजार मीटरांच्या खाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात लवकरच विरून जातात. ध्वनी मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. जहाजावरून सोडलेला ध्वनी त्या तळावर आदळून सव्वापाच सेकंदांत परत येतो. प्रतिध्वनीवरून वस्तूचा ठाव घेणाऱ्या या साधनास ‘सोनार’ म्हणतात.

नोंदयंत्रांना एकेक ध्वनियंत्र जोडलेले असते. पाण्यात पडताच ते माणसाच्या कानाला न कळणारा सूक्ष्म नाद त्या काळी सुमारे ३० दिवस करीत राहत असे. शोधकर्त्या जहाजांनी कानोसा घेतला, परंतु काहीच ऐकू आले नाही. तेव्हा त्या भागात विमान नसावे असा तर्क झाला आणि शोध इतरत्र वळला. ध्वनियंत्रेच बिघडली असतील तर? २०११ साली गणितज्ञांनी ही शक्यता धरून नवे गणित मांडले, तेव्हा त्यांचे बोट पुन्हा त्याच सोडून दिलेल्या भागाकडे वळले.

मग मनुष्यरहित पाणबुड्या तळाशी उतरल्या. शेतात नांगराचे तास पाडावेत तशा त्या तळालगत येरझारा घालीत व दोन्ही बाजूंना ध्वनी सोडीत. मऊ गाळ ध्वनी फारसा परतवीत नाही. धातू मात्र तो जोराने परतवितो. या फरकावरून तळाचे चित्र उमटते. एप्रिलच्या प्रारंभीच, मोहीम सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला असता, विमानाचे अवशेष दिसले. विमानाच्या अखेरच्या ज्ञात स्थानापासून ते अवघ्या १२ किलोमीटरांवर होते!

मे महिन्यात दोन्ही नोंदयंत्रे वर काढण्यात आली. जवळजवळ दोन वर्षे पाण्यात राहूनही त्यांतील नोंदी शाबूत होत्या. वेग मोजणाऱ्या नळ्या हिमकणांनी तुंबल्या, वेगाचे आकडे चुकले आणि गोंधळलेल्या वैमानिकाने विमानाचे नाक वर उचलून धरले, हे त्यांवरून उलगडले. पुढे अशा ध्वनियंत्रांची मुदत ३० दिवसांवरून ९० दिवस करण्यात आली.