घरी दुरुस्त केलेला ब्रेक : पेडल काय सांगते?

लखनौचा चौक म्हटला की मराठी माणसाला चिकनचे कपडे, अत्तराची दुकाने आणि हिवाळ्यातील मक्खन-मलई आठवते. गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांच्या दरम्यानचा हा जुना बाजार पायी चालणाऱ्यांसाठी वसला. मोटारीचा विचार त्या काळी कोणी करणेच शक्य नव्हते. आज येथे मोटार आणणाऱ्याचा पाय सतत ब्रेकवर असतो. सायकलरिक्षा, हातगाडी, दुचाकी आणि खरेदीदारांची गर्दी यांतून वाट काढताना वेग माणसाच्या चालण्यापेक्षा फारसा वाढत नाही. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर सणासुदीला हाच अनुभव येतो.

अशा ठिकाणी शंभर वेळा दाबलेला ब्रेक शंभर वेळा लागला, म्हणजे तो उत्तम आहे, असा समज सहज होतो. घरच्या घरी ब्रेक पॅड किंवा ब्रेक ऑइल बदलणाऱ्या हौशी वाहनमालकांचा तर हा समज अधिकच दृढ असतो. प्रत्यक्षात मात्र गर्दीची गल्ली ब्रेकचे अनेक दोष झाकून ठेवते. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी २० किलोमीटरच्या तुलनेत ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी तीच गाडी थांबवण्यासाठी ब्रेकला २५ पट ऊर्जा शोषावी लागते. चौकातून निघालेली गाडी काही वेळात २०१६ मध्ये खुल्या झालेल्या आग्रा-लखनौ द्रुतगती मार्गावर पोहोचू शकते. गल्लीत न दिसलेला दोष तेथे उघड झाला, तर त्याची किंमत फार मोठी असते. म्हणूनच दुरुस्तीनंतर गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी पेडलाची भाषा समजून घेणे आवश्यक आहे.

दाबाचे साधे गणित

बंद नळीतील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील शास्त्रज्ञ पास्कल यांचा नियम आजच्या ब्रेकचा पाया आहे. पायाचा जोर मास्टर सिलिंडरमधील ऑइलवर पडतो, तो नळ्यांतून चाकांपर्यंत जातो आणि पॅड डिस्कवर किंवा लायनर ड्रमवर दाबले जातात. द्रव जवळजवळ दबत नाही, म्हणून ही यंत्रणा काम करते. हवा मात्र दबते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी तो बुडबुडा दाबण्यात खर्ची पडतो. पेडल स्पंजासारखे मऊ लागते आणि दोन-तीन वेळा भराभर दाबल्यावर वर येते. हे लक्षण दिसले की यंत्रणेत हवा आहे, असे प्रथम समजावे.

हवा काढूनही पेडल मऊच राहत असेल, तर घरगुती दुरुस्तीतील एक नेहमीची चूक तपासावी. डावा आणि उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसले, तर हवा काढण्याचे निपल वरच्या टोकाला न राहता खाली जाते. हवा नेहमी वर साठते. खालच्या निपलातून कितीही ऑइल काढले तरी ती बाहेर पडत नाही. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना चाके लॉक होऊ न देणारी ‘एबीएस’ यंत्रणा बंधनकारक आहे. तिच्या आत हवा अडकल्यास काही गाड्यांत ती संगणकीय उपकरणाशिवाय निघत नाही. अशा वेळी अधिकृत कार्यशाळेचीच वाट धरावी.

पेडल बसते, पेडल कडक होते

इंजिन चालू ठेवून पेडल जोराने दाबावे आणि मिनिटभर तसेच धरावे. ते हळूहळू खाली जात राहिले, तर कोठेतरी गळती आहे. सांधे, निपल आणि नळीच्या बोल्टखालील तांब्याचे वॉशर यांच्याभोवती ओल दिसते का, हे पाहावे; जुने वॉशर पुन्हा वापरल्यास तेथून ऑइल झिरपते. बाहेर एक थेंबही दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी सीलवर संशय घ्यावा. जुन्या गाडीत हवा काढताना पेडल थेट तळापर्यंत दाबले जाते, सील एरवी न वापरल्या जाणाऱ्या खडबडीत भागावरून घासते आणि फाटते. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी नसलेला दोष दुरुस्तीमुळे निर्माण होतो.

याउलट पेडल दगडासारखे कडक लागत असेल, तर बूस्टरची परीक्षा घ्यावी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक आहे. ते हलले नाही, तर काम करताना बूस्टरची हवेची नळी निसटली आहे का, हे प्रथम पाहावे.

ओढ, उष्णता आणि आवाज

ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तर दोन्ही बाजूंना सारखे घर्षण होत नाही, हे उघड आहे. एका बाजूच्या पॅडला ग्रीस किंवा ऑइल लागलेले असते, कॅलिपर अडकलेला असतो अथवा जुनी रबरी नळी आतून फुगून बंद झालेली असते. म्हणूनच पॅड नेहमी एकाच आसावरील दोन्ही चाकांचे एकदम बदलतात. थोडे अंतर चालवल्यावर एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापले, तर तेथील ब्रेक सुटत नाही. कॅलिपरच्या सरकत्या पिना कोरड्या पडणे किंवा हँडब्रेकची तार जास्त ओढली जाणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. तापलेल्या डिस्कला मात्र हात लावू नये. जवळ हात नेल्यावरही फरक कळतो.

वेगात ब्रेक लावताना पेडल आणि स्टिअरिंग थरथरत असेल, तर डिस्क व हब यांमध्ये गंजाचा थर राहिला आहे का, चाकाचे नट सारख्या जोराने आवळले आहेत का, हे तपासावे. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर पॅड उलटे बसले असण्याचीही शक्यता असते. गाडी त्याच जागी थांबवावी.

ऑइलच्या बाबतीत काटकसर नको

डॉट ३ व डॉट ४ ही ऑइले हवेतील ओलावा शोषतात. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो; ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात सतत ब्रेक लावल्यावर असे ऑइल उकळते, वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल अचानक खाली जाते. अर्धवट उरलेला, बरेच दिवस उघडा राहिलेला डबा म्हणूनच वापरू नये. इंजिन ऑइल चुकून टाकीत पडले तर रबरी सील फुगतात. तेव्हा गाडी सुरूच करू नये.

पहिली चाचणी कोठे घ्यावी?

नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा पेडल तळाला जाते. गाडी जागेवर उभी असतानाच पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहावे आणि टाकीतील ऑइलची पातळी पाहावी. मग मोकळ्या, सपाट आवारात अगदी कमी वेगाने, त्यानंतर टप्प्याटप्प्याने वेग वाढवत ब्रेक लावून पाहावा. नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत पहिले काही दिवस जोरकस ब्रेक टाळावा. गाडीखाली काम करताना केवळ जॅकवर विसंबू नये, भक्कम स्टँड लावावेत. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नये.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १९० नुसार धोकादायक दोष असलेले वाहन रस्त्यावर आणणे दंडनीय आहे. दोष माहीत असणे एवढेच नव्हे, तर साधारण दक्षतेने तो कळू शकला असता, एवढेही पुरेसे ठरते. विम्याच्या प्रचलित अटींतही वाहन सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची असते आणि यांत्रिक बिघाडाचा खर्च सर्वसाधारण पॉलिसीत समाविष्ट नसतो.

स्वतःच्या गाडीचे काम स्वतः करणे हा अभिमानाचा विषय आहे. मात्र ब्रेकच्या बाबतीत नट आवळले म्हणजे काम संपले असे होत नाही. पेडल मऊ, खाली बसणारे किंवा कडक लागत असेल आणि कारण सापडत नसेल, तर जाणकार मिस्त्रीकडून तपासून घेण्यात कमीपणा नाही. मिस्त्रीला लागणारी मजुरी थोडी असते; गाडीत बसलेल्या आपल्या माणसांचे मोल मात्र कोणत्याही हिशेबात मांडता येत नाही.