अवजड बाँबफेकी विमानांचें दप्तर : वाचनाची परिभाषा

मराठी दप्तरांत वावरणाऱ्या अभ्यासकास परिभाषेचें महत्त्व निराळें सांगावयास नको. सुहूर सन इसवी सनांत मांडतांना एका वर्षाची चूक झाली, किंवा सरंजामाच्या यादींतील स्वारांचा आकडा हीच रणांगणावरील हजिरी मानली, तर केवढा घोटाळा होतो हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. दुसऱ्या महायुद्धांतील विमानदलांचे कागद आतां इतिहासाच्या साधनांत जमा झाले आहेत. त्यांतील अवजड बाँबफेकी विमानांचीं टिपणें वाचतांना जे शब्द नेहमीं अडवितात, त्यांचा खुलासा येथें केला आहे.

ब्रिटिश हवाईदलाच्या प्रत्येक स्क्वाड्रनचें एक ‘ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक’ असे. त्याचे दोन भाग होते. फॉर्म ५४० हा दैनंदिन घडामोडींचा गोषवारा. फॉर्म ५४१ हा विमानवार तपशील, व त्यांत तारीख, विमानाचा नंबर, आंत बसलेल्यांचीं नांवें, कामगिरी, उड्डाणाची व उतरण्याची वेळ हीं येतात. मोहिमेचा ओघ पहिल्यावरून कळतो. माणसाचा माग दुसऱ्यांत लागतो. हीं बुकें लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारांत ‘एअर २७’ या मालेंत आहेत.

‘सॉर्टी’ म्हणजे एका विमानाचें एक लढाऊ उड्डाण. अमेरिकन कागदांतील ‘मिशन’ म्हणजे मात्र सबंध स्वारी. एका मिशनमध्यें शंभर सॉर्टी असूं शकतात. ‘प्रायमरी’ हें नेमून दिलेलें मुख्य लक्ष्य, ‘सेकंडरी’ पर्यायी, आणि ‘लास्ट रिझॉर्ट’ म्हणजे दोन्ही न साधल्यास शेवटीं पत्करावयाचें. ‘गार्डनिंग’ या शब्दानें फसूं नये. समुद्रांत सुरुंग पेरण्याचें तें सांकेतिक नांव होय. ऑक्टोबर १९४४ मध्यें बंगालमधील डिग्री तळावरून १५९ व्या स्क्वाड्रनच्या लिबरेटर विमानांनीं पेनांगच्या बंदरांत असेच सुरुंग टाकले. येऊन जाऊन तो प्रवास तीन हजार मैलांच्या घरांत होता.

आकड्यांचा खरा अर्थ पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. ५ जून १९४४ रोजीं खरगपूर व आसपासच्या तळांवरून ९८ बी-२९ विमानें बँकॉकवर निघालीं. एक उडतांच कोसळलें, १४ वाटेंतून परतलीं, कांहींना लक्ष्य सांपडलें नाहीं. ७७ विमानांनीं बाँब टाकले. आणि लक्ष्याच्या क्षेत्रांत पडलेले बाँब अवघे सोळा ते अठरा भरले. ‘९८ विमानांचा हल्ला’, ‘७७ विमानांचा हल्ला’ हीं दोन्ही विधानें कागदास धरून आहेत. परंतु परिणामाविषयीं दोहोंतून कांहींच सिद्ध होत नाहीं. निघालेलीं, पोंचलेलीं, बाँब टाकणारीं व परत आलेलीं, अशीं चार सदरें वेगळीं मांडल्याखेरीज बेरीज करूं नये.

काळाचाही विचार अवश्य आहे. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतीय प्रमाणवेळ एक तास पुढें केली होती. म्हणजे ती ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढें होती. मध्यरात्रीनंतर एक वाजतां सुटलेल्या विमानाची नोंद ग्रिनिचच्या वेळेनें केली, तर ती आदल्या दिवशीं सायंकाळीं साडेसहाची होईल. दोन कागदांत तारीख भिन्न दिसली म्हणून स्वाऱ्या दोन झाल्या असें समजूं नये.

विमानाची ओळख पटविण्यांतही सावधगिरी हवी. युद्धानंतर कानपूर येथें पडून राहिलेलीं लिबरेटर विमानें दुरुस्त करून भारतीय हवाईदलानें वापरांत घेतलीं. १९५१ सालीं पुण्यास पुन्हां उभारलेल्या सहाव्या स्क्वाड्रननें तीं सागरी टेहळणीसाठीं १९६८ पर्यंत चालविलीं. त्यांतील एक विमान १९७४ मध्यें ब्रिटनच्या हवाईदल संग्रहालयास मिळालें. भारतीय कागदांत तें एच. ई. ८०७ आहे, ब्रिटिश कागदांत तेंच के. एन. ७५१. हा संबंध ध्यानांत न घेतल्यास एका विमानाचीं दोन चरित्रें तयार होतील.

सर्वांत नाजूक शब्द ‘मिसिंग’, आणि त्याचा सोबती ‘एफ. टी. आर.’, म्हणजे ‘परत आलें नाहीं’. हे मृत्यूचे दाखले नव्हेत. नोंद करणाऱ्या लेखकास त्या सकाळीं एवढेंच ठाऊक होतें कीं, विमान उतरलें नाहीं. असे बेपत्ता म्हणून नोंदले गेलेले कित्येक वैमानिक रंगूनच्या तुरुंगांत कैदेंत होते व मे १९४५ च्या आरंभीं तेथून जिवंत सुटले. उलट, ज्यांचा ठाव लागलाच नाहीं अशांचीं नांवें सिंगापूरच्या स्मारकावर कोरलेलीं आहेत. म्हणून फॉर्म ५४१ मधील नांवापुढें ‘मृत’ असें आपल्या हातानें लिहिण्यापूर्वीं पुढील कागद पाहिलाच पाहिजे. थडग्याचा पुरावाही असाच जपून घ्यावा. खडकीच्या युद्ध-स्मशानभूमींत पश्चिम व मध्य भारतांतील अनेक ठिकाणांहून थडगीं हलविण्यांत आलीं. सबब तेथील शिळेवरून मृत्यु पुण्याजवळ झाला असें अनुमान निघत नाहीं.

तात्पर्य, या दप्तरांतील प्रत्येक शब्द लिहिणाऱ्यास त्या घटकेस जें ज्ञात होतें तेवढेंच सांगतो. त्यापलीकडचें त्याच्या मुखीं घातलें, तर केवळ आकडा चुकत नाहीं. जिवंत माणूस मृतांत जमा होतो, आणि मृताचें नांव भलत्याच रात्रीच्या स्वारींत लिहिलें जातें.