पिकते तिथे विकते का?

भाऊबीजेचा दिवस होता. ओवाळणे उरकले होते, फराळाची ताटे पुढे आली होती, आणि यंदा चकली मऊ पडली आहे या गोष्टीकडे घरातली पुरुषमंडळी मोठ्या समजूतदारपणे दुर्लक्ष करीत होती. अशा वेळी एखादा निरुपद्रवी विषय निघणे फार आवश्यक असते. तो डोंबिवलीहून आलेल्या माझ्या धाकट्या दिरांनी काढला.

“काही म्हणा,” ते म्हणाले, “मोठा गवई आपल्या गावात जसा रंगतो तसा दुसरीकडे रंगत नाही. गावची माती, गावची माणसं! तिथे गळा आपोआप मोकळा होतो.”

माझे सासरे आयुष्यभर कर्जत स्टेशनात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “गळ्याचं मला कळत नाही,” ते म्हणाले, “पण पिकतं तिथे विकत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.”

झाले! वाद पेटला. “वहिनी, तुम्हीच निकाल द्या,” असे म्हणून दिरांनी तो माझ्या अंगावर ढकलला. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाईला जगातल्या सर्व प्रश्नांची उत्तरे येतात, असा आमच्या घरात एक गोड गैरसमज आहे. त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही, म्हणून आज तो वाचकांपुढे मांडते.

खरे म्हणजे या प्रश्नाचा विचार करायला कर्जतइतके निःपक्षपाती गाव दुसरे नसेल. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून मुंबईहून पुण्याला गाण्यासाठी निघालेला गवई आमच्या स्टेशनावरूनच पुढे गेला. घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिने जोडीपर्यंत गाडी थांबायची. तेवढ्यात कुणी बटाटेवडा घ्यायचा, कुणी तंबोऱ्याची गवसणी नीट लावून ठेवायचा. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यापासून हीच मंडळी मोटारीतून खालापूरच्या टोलनाक्यावरून जातात. सारांश, संगीत आमच्या दारावरून गेली दीडशेहून अधिक वर्षे येते आणि जाते. आम्ही ना मुंबईच्या बाजूचे ना पुण्याच्या. तेव्हा न्यायासनावर बसायला हरकत नसावी.

आधी सासऱ्यांचा पुरावा पाहू. तो मिरजेत सापडतो. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर लहानपणी फटाक्याच्या अपघाताने डोळे अधू झाल्यावर मिरजेस आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाणे शिकले. मिरजेच्या अधिपतींचा त्यांना आश्रय होता. असे असता १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. का? त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगतात. गावातल्या एका समारंभाला प्रतिष्ठितांना आमंत्रणे गेली, विष्णु दिगंबरांनाही आले. पण त्यांच्या गुरूंना मात्र आले नाही. कारण काय, तर ते गवई! म्हणजे रोज ज्यांचे गाणे ऐकायचे, त्यांना चार भल्या माणसांच्या पंक्तीला बसवायचे नाही. हा काटा विष्णु दिगंबरांच्या मनात रुतला. ते बाहेर पडले, बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर करीत उत्तरेत गेले आणि १९०१ साली दूर लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. गवयाला समाजात मानाचे पान मिळवून देण्याचे त्यांचे काम गावापासून शेकडो कोस दूर सुरू झाले. आणि १९३१ साली त्यांनी देह ठेवला तो मात्र मिरजेतच.

गोव्याच्या गायिकांची कहाणी याहून कठीण. केसरबाई केरकर १८९२ साली केरी गावात जन्मल्या, मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली कुर्डीत. दोघींच्या नावात गाव कायमचे राहिले, पण दोघींची कीर्ती उभी राहिली मुंबईत, अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत. ज्या समाजात त्या जन्मल्या, त्या समाजातल्या बायकांचे गाणे गावाला हवे असे, पण गाणारणीला गावात मान नसे. आज केरीत केसरबाईंच्या नावाची शाळा आहे. त्यांचा आवाज तर १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला. आणि कुर्डी? ती साळावली धरणाच्या पाण्याखाली गेली. मे महिन्यात पाणी ओसरले की घरांचे पाये उघडे पडतात, जुने रहिवासी देवळापाशी जमतात आणि पावसाबरोबर गाव पुन्हा बुडते. मोगूबाई २००१ साली गेल्या. मुलगी जगभर नावाजली जावी आणि माहेरच जागेवर राहू नये, याला काय म्हणावे?

आता दिरांची बाजू. तिचा पुरावा हुबळीजवळ, कुंदगोळला आहे. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व. अब्दुल करीमखाँसाहेबांचे शिष्य आणि मराठी रंगभूमी गाजवलेले नट. नाटक सोडून ते कुंदगोळला राहिले, तेव्हा शिष्य त्यांच्या दारी आले. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने ये-जा करून शिकल्या. गदगचे भीमसेन जोशी १९३३ साली, अकराव्या वर्षी, गाण्याच्या वेडापायी घरातून पळाले आणि पुष्कळ भटकून १९३६ च्या सुमारास या घरी येऊन स्थिरावले. गुरुगृही राहून पाणी भरले, पडेल ते काम केले आणि विद्या मिळवली.

सवाई गंधर्व १९५२ साली पुण्यात वारले. त्यांच्या पुण्यतिथीला कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात गाणे होऊ लागले. जुन्या वाड्यातली बैठक, समोर गावकरी आणि आसपासच्या खेड्यांतली माणसे, आणि गाणारे कोण? भीमसेन, गंगूबाई, फिरोज दस्तूर! जगभर मागणी असलेली ही मंडळी वर्षानुवर्षे तिथे जात आणि रात्र जागवीत. तिथे ते बिदागीसाठी जात नसत, नावासाठीही नाही. ते ऋण फेडायला जात. ज्या गावात आपण सा लावायला शिकलो तिथे पुन्हा सा लावताना गवयाच्या मनात काय होत असेल, याची कल्पना ज्याला आपले शिक्षक आठवतात त्या कुणालाही करता येईल.

पण दिरांच्या पुराव्यात एक गोम आहे. कुंदगोळ हे भीमसेनांचे जन्मगाव नव्हे, आणि गंगूबाईंचेही नव्हे! शिवाय १९५३ साली भीमसेनांनी गुरूंच्या नावाचा महोत्सव सुरू केला तो पुण्यात. पुणेही त्यांचे जन्मगाव नाही. पुढे त्यांचे घर झाले ते तिथे. रमणबागेच्या पटांगणात अनेक वर्षे हा सोहळा भरला. रात्र रात्र गाणे चाले, आणि अखेर शेवटच्या सत्रात पंडितजी बसत. कार्याचा यजमान जसा सगळ्या पंगती उठल्यावर पान मांडून घेतो तसे त्यांचे गाणे शेवटी. हजारो माणसे त्यासाठी ताटकळत. २०११ साली पंडितजी गेले, तेव्हा पुण्यातल्या कुणालाही ते गदगचे आहेत असे वाटले नसेल.

तर मग गाव म्हणजे नक्की काय? जन्मदाखल्यावर लिहिलेले, की ज्याने ऐकून ऐकून आपले केले ते?

थोडी व्यावहारिक बाजूही पाहू. गावातल्या कार्यक्रमात कलावंताच्या वाटेला काय येते? सकाळपासून आप्तेष्टांची रीघ. कुणाच्या घरी जेवण, कुणाच्या घरी चहा, न जावे तर रुसवा. पहिल्या रांगेत बसणार शाळासोबती, ज्यांना ख्यालापेक्षा याच्या जुन्या खोड्या अधिक आठवतात. फर्माईश ठरलेली: वीस वर्षांपूर्वी गायिलेले तेच पद. नवे काही मांडावे तर “पूर्वीसारखं राहिलं नाही” हा शेरा. उलट, जमेची बाजूही आहे. श्रोता ओळखीचा असल्याने टाळीसाठी धावावे लागत नाही; राग सावकाश उलगडता येतो; एखादी जागा हुकली तरी कुणी वैरी नसतो. वेळेचे बंधन मात्र आता सगळीकडेच आले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्रीच्या उघड्या मैफलींना वेसण घातली, आणि मध्यरात्रीनंतरचे राग गावालाही दुर्मीळ झाले, शहरालाही.

ही तऱ्हा केवळ आपल्याकडचीच आहे असेही नाही. लिव्हरपूलचे बीटल्स हे चार तरुण जगप्रसिद्ध होऊन लंडनला गेले. गावाला आता आपण नकोसे झालो आहोत, असे त्यांच्या कानावर आले होते. जुलै १९६४ मध्ये नागरी सत्कारासाठी परतताना ते मनातून धास्तावले होते. प्रत्यक्षात रस्त्यांच्या दुतर्फा दोन लाखांच्या घरात माणसे उभी! तरीही डिसेंबर १९६५ नंतर त्या चौघांनी मिळून आपल्या गावात पुन्हा कार्यक्रम केला नाही. गावची धास्ती आणि गावची ओढ, दोन्ही खऱ्या.

आता निकाल द्यायचा तर मला एक घरची साक्ष काढली पाहिजे. माझे माहेर खालापूर तालुक्यातले. माझे काका खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला होते आणि भजनीबुवा होते. पेटी घेऊन बसले की आवाज असा लागायचा की शेजारच्या वाडीवरची माणसे कंदील घेऊन येत. गणपतीत लालबाग-परळकडून त्यांना बोलावणे यायचे. तिथे त्यांना हार, नारळ, शाल मिळे. माणसे उभी राहून ऐकत. ते सारे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आणि गावात? आमच्या हरिनाम सप्ताहात काका दरवर्षी गायचे. पण सप्ताहाच्या कोठीची किल्लीही त्यांच्याच कनवटीला असे! अभंग ऐन रंगात आला की मागून कुणीतरी येऊन खांद्याला हात लावी: “बुवा, जरा किल्ली द्या, गूळ काढायचाय.” काका डाव्या हाताने भाता ओढता ओढता उजव्या हाताने किल्ली काढून देत. सूर तुटू देत नसत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून जाई. मी एकदा रागावून विचारले, तेव्हा म्हणाले, “अगं पोरी, मुंबईला मी बुवा आहे. इथे मी आपला घरचा. घरच्या माणसाला किल्लीच मागतात.”

पुढे त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षी सप्ताहाला बाहेरून नावाजलेले बुवा आणले. गायले उत्तम, खोट काढायला जागा नव्हती. पण पहाटेच्या काकड्याला मंडपात माणसे गप्प गप्प होती. नेहमीचा आवाज नाही, हे तो थांबल्यावर गावाला प्रथम कळले.

त्यापुढल्या वर्षी काका पुन्हा बसले. पेटी दुसऱ्याने धरली. आवाज निम्मा राहिला होता, वरचा षड्ज लागत नव्हता. तिथे ते थांबत आणि टाळकरी तो सूर उचलून धरीत. एकच अभंग गायले. बायका स्वयंपाक टाकून मंडपाच्या कनातीशी येऊन उभ्या राहिल्या. कोठीकडे कुणी फिरकलेच नाही. किल्ली त्या दिवशी कोठीच्या कुलपालाच लावून ठेवलेली होती, हे मला नंतर कळले. ती कुणी लावली, हे आजवर कुणी सांगितलेले नाही.

ते गाणे काकांच्या लालबागच्या गाण्यापेक्षा चांगले झाले का? परीक्षकाने गुण दिले असते तर निम्मेही मिळाले नसते. पण तशी बैठक मी पुन्हा अनुभवलेली नाही.

तेव्हा भाऊबीजेच्या त्या वादाचा माझ्या अल्पमतीप्रमाणे निकाल असा. गाणे गवयाच्या गळ्यात असते. ते गावात आला म्हणून वाढत नाही आणि परगावी गेला म्हणून घटत नाही. मैफल मात्र दोघांची असते. परका माणूस गवयाला ओळखत नाही, म्हणून कान देऊन ऐकतो. गाव त्याला ओळखते, आणि ओळखते म्हणूनच बहुधा ऐकायचे विसरते. पण ओळखणाराच जेव्हा ऐकायला बसतो, तेव्हा जे घडते ते दुसरीकडे कुठे घडत नाही. कुंदगोळच्या वाड्यात ते घडले, पुण्याच्या मांडवात घडले, आमच्या सप्ताहात एकदाच घडले. दिरांचे खरे, सासऱ्यांचेही खरे. पिकते तिथे विकत नाही हे ठीकच. पण पिकते तिथे निदान चाखावे तरी!

काका आता नाहीत. यंदा भाऊबीजेला दीर पुन्हा येतील. चकली या वेळी खुसखुशीत झाली आहे. आमच्या आळीतला एक मुलगा गेली सहा वर्षे तबला शिकतो आहे. त्याचा रियाज रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकू येतो, आणि आजवर आम्ही त्याच्याकडे फक्त इस्त्रीचे कपडे पोहोचवायचे काम दिले आहे. फराळ झाल्यावर त्याला वाजवायला बोलवावे म्हणते.