मेंदूत मशीन बसलं, कंप थांबला. आता चालणं पुन्हा शिकायचं

हातातला चहा सांडतो, सदऱ्याचं बटण लागत नाही, उंबरठ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पार्किन्सन्स म्हणजे कंपवात झालेल्या माणसाच्या घरात हे रोजचंच असतं. गोळ्यांचा असर कमी वेळ टिकायला लागला, की मोठ्या शहरातले मेंदूचे डॉक्टर काही पेशंटना 'डीबीएस' नावाचं ऑपरेशन सुचवतात. खर्च काही लाखांत जातो. कुणी जमिनीचा तुकडा विकतं, कुणी पतसंस्थेचं कर्ज काढतं. ऑपरेशन होतं, हात थरथरायचा थांबतो आणि घरच्यांना वाटतं, चला, सुटलो एकदाचं.

गडबड इथंच होते. मशीन बसवायचं काम शहरातल्या दवाखान्यात होतं. पण उठणं, चालणं, वळणं, बोलणं पुन्हा घडवायचं काम घरी, ओसरीवर आणि अंगणात करावं लागतं. ते नीट झालं नाही तर कंप थांबलेला माणूसही पडून खुब्याचं हाड मोडून घेतो. म्हणून ऑपरेशननंतरच्या या कामाची माहिती घेऊ.

हे ऑपरेशन म्हणजे नेमकं काय?

मेंदूत खोलवर हालचालींवर ताबा ठेवणारी केंद्रं असतात. तिथं साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची तार सोडतात. ही तार कवटीपासून कानामागून, मानेच्या कातडीखालून छातीपर्यंत आणतात. तिथं गळ्याच्या हाडाखाली बॅटरीचं छोटं मशीन बसवतात. हृदयाचा पेसमेकर असतो, तसाच प्रकार. मशीन मेंदूला सतत बारीक विजेचे ठोके देतं आणि बिघडलेले संदेश ताळ्यावर येतात.

आजची ही पद्धत फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात डॉ. अलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये सुरू केली. अमेरिकेत २००२ मध्ये वाढलेल्या पार्किन्सन्ससाठी तिला मान्यता मिळाली. आपल्याकडेही मोठ्या शहरांत हे ऑपरेशन बऱ्याच वर्षांपासून होतं.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. या ऑपरेशननं आजार मुळापासून बरा होत नाही. त्रास कमी होतो, बऱ्याच जणांच्या गोळ्याही कमी होतात. पण आजार आत चालूच राहतो.

महिनाभरात कंप परत आला, म्हणजे पैसे वाया गेले का?

नाही. ऑपरेशन झाल्या झाल्या पेशंट एकदम हलका होतो. नुसती तार आत गेल्यामुळे मेंदूच्या त्या भागाला थोडी सूज येते आणि त्यामुळेच काही दिवस कंप दबतो. सूज उतरली की कंप परत डोकं वर काढतो. घरातली माणसं इथंच घाबरतात.

खरं मशीन बऱ्याचदा दोन ते चार आठवड्यांनी चालू करतात. मग प्रत्येक फेरीत डॉक्टर विजेचं प्रमाण थोडं थोडं बदलतात आणि गोळ्या जुळवतात. याला 'प्रोग्रामिंग' म्हणतात. सगळं नीट बसायला तीन ते सहा महिने लागू शकतात. या काळात एसटीनं चार-पाच फेऱ्या होतील, हे धरूनच चला. आणि मनानं गोळ्या बंद करू नका. सिंडोपासारख्या गोळ्या अचानक तोडल्या तर जिवावर बेतू शकतं.

मशीन काय करतं आणि काय नाही

साधा नियम असा: ऑपरेशनच्या आधी गोळी लागू पडल्यावर जो त्रास कमी व्हायचा, तोच मशीननं कमी होतो. हाताचा कंप, अंगाचा ताठरपणा, हालचालींचा मंदपणा यात चांगला फरक पडतो. कंप तर कधी कधी गोळीला दाद देत नसला तरी मशीनला देतो.

पण गोळी घेऊनही जो तोल जायचा, जे पाय अडकायचे, जो आवाज बारीक व्हायचा, तिथं मशीनचा फारसा भरवसा धरता येत नाही. उलट काही जणांचं बोलणं ऑपरेशननंतर जास्तच अस्पष्ट होतं.

आता यातला धोका बघा. आठ-दहा वर्षं ताठरलेल्या माणसाचं अंग मोकळं होतं. हुरूप येतो. तो झपकन उठतो, गोठ्याकडं निघतो. पाय चालले, पण तोल होता तसाच कच्चा राहिला. मांड्या-पोटऱ्यांची ताकद तर बसून बसून केव्हाच गेलेली. म्हणून ऑपरेशननंतर बरं वाटायला लागतं, त्याच काळात पडण्याचं भय जास्त असतं.

पहिले सहा आठवडे: जपायचं, पण झोपून राहायचं नाही

डॉक्टरांनी परवानगी दिली की घरातल्या घरात चालणं लगेच सुरू करायचं. मात्र साधारण सहा आठवडे जड वजन उचलायचं नाही. मशीन ज्या बाजूला आहे, त्या बाजूचा हात खांद्याच्या वर ताणायचा नाही. पाण्याची कळशी, खताची गोणी, माळ्यावरचं सामान, यातलं काहीच नको.

मानेला झटका देऊ नका. केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान मोडून घ्यायची सवय असेल तर ती आता कायमची सोडा. तार मानेतूनच गेलेली आहे, ती तुटली तर पुन्हा ऑपरेशन. छातीवरचं मशीन बोटांनी चाळवायचं, फिरवायचंही नाही.

जखमेवर हळद, तेल, कसलाही लेप लावू नका. लाली, सूज, पू किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

घरी करायचे व्यायाम

व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या आणि मग रोज घरी करा. गोळीचा असर चांगला असतो, ती वेळ निवडा. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास, एवढं जमलं तरी पुष्कळ.

उठणं: खुर्चीच्या कडेला सरका, पाय गुडघ्यांच्या मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाका आणि मग उठा. आठ-दहा वेळा करा. यानं मांड्यांत ताकद येते. पलंगावरून उठताना आधी मिनिटभर कडेला बसा, कारण या आजारात उभं राहताच बीपी उतरून चक्कर येऊ शकते.

मोठं पाऊल: कंपवातात पावलं बारीक होतात आणि माणसाला ते कळतही नाही. म्हणून प्रत्येक हालचाल मुद्दाम मोठी करायची. ओसरीवर चुन्यानं एकेका पावलाच्या अंतरावर आडवे पट्टे ओढा आणि पट्ट्यावर पाय टाकत चाला. टाच आधी टेकवा. हात मोकळे हलवा.

ठेका: 'एक-दोन, एक-दोन' मोजत किंवा टाळाच्या ठेक्यावर चाललं की पाऊल सुधारतं. बाहेरून ठेका मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेनं काम करून घेतो.

वळणं: जागच्या जागी गर्रकन फिरू नका. गाडी वळवतो तसं मोठा वळसा घेऊन वळा.

पाय अडकला तर: थांबा. श्वास घ्या. वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या. मग एक मोठं पाऊल टाका. घरच्यांनी हात धरून ओढायचं नाही, 'चला ना बाबा, चला लवकर' अशी घाई तर अजिबात करायची नाही. घाईनं पाय जास्त अडकतो.

एका वेळी एकच काम: चालताना फोनवर बोलणं, हातात ताट धरणं, जनावराचा कासरा धरणं टाळा. लक्ष दुसरीकडं गेलं की तोल जातो.

घरातही थोडा बदल करा. मोरीत आणि संडासात धरायला दांडी, रात्री दिवा, चालायच्या वाटेतली गोधडी नि वायरी बाजूला. दुचाकी, ट्रॅक्टर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

आवाज आणि घास

आवाजासाठीही व्यायाम असतो. रोज दीर्घ श्वास घेऊन मोठ्यानं 'आ...' लांबवा. मग पेपरातली बातमी अंगणापलीकडं ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात वाचा. जेवताना ताठ बसा, घास लहान घ्या, एक गिळल्याशिवाय दुसरा नको. जेवताना वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, आणि या आजारात तो मोठा धोका आहे.

'शेक' घेण्याआधी हे वाचाच

गुडघा दुखतो, खांदा आखडतो, म्हणून आपण तालुक्याच्या ठिकाणी मशीनचा शेक घ्यायला जातो. डीबीएसच्या पेशंटला 'डायथर्मी' हा शेक कधीच चालत नाही. शॉर्टवेव्ह, मायक्रोवेव्ह आणि उपचाराचा अल्ट्रासाउंड, तिन्ही बंद. मशीन बंद ठेवलं तरी नाही, आणि शेक गुडघ्याला घेतला तरी नाही. त्या लहरींची ऊर्जा तारेतून मेंदूपर्यंत पोचते आणि तारेच्या टोकाशी मेंदू भाजतो. डायथर्मीनंतर डीबीएसच्या दोन पेशंटचा मृत्यू झाल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००२ मध्येच दिला होता.

पोटाची तपासणीची सोनोग्राफी वेगळी, ती करता येते; पण तिथंही मशीनबद्दल आधी सांगा. विजेचे झटके देणारं 'टेन्स' मशीन, एमआरआय आणि दुसरं कुठलंही ऑपरेशन करण्याआधी डीबीएसच्या डॉक्टरांना फोन करून विचारायचंच. वेल्डिंगचं काम आणि विजेच्या सबस्टेशनचं आवार यापासून लांब राहा. मशीनचं ओळखपत्र कायम खिशात ठेवा. फिजिओथेरपिस्टकडं पाऊल टाकताच पहिलं वाक्य हेच असू द्या: "माझ्या मेंदूत मशीन आहे."

घरच्यांनी काय बघायचं?

एक वही करा. गोळीची वेळ, त्रास कधी वाढला, कधी पडले, हे लिहा. चालण्याचा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाईलवर काढा. प्रोग्रामिंगला जाताना डॉक्टरांना यातून बरंच कळतं.

बोलणं एकदम अडखळायला लागलं, तोंड एका बाजूला ओढलं, मुंग्या राहिल्या किंवा तोल जास्त जायला लागला तर मशीनचं प्रमाण बदलावं लागत असेल. माणूस गप्प-गप्प, उदास झाला किंवा उलट फार उतावीळ, खर्चिक झाला तरी सांगा. 'स्वभावच बदलला' म्हणून सोडून देऊ नका. वजनही वाढतं, त्यावर लक्ष ठेवा.

सगळा कंप आणि ताठरपणा अचानक परत आला तर आधी मशीन चालू आहे का, बॅटरी आहे का, ते रिमोटवर बघा. घरातल्या किमान दोघांना हे बघता आलं पाहिजे. अंग लाकडासारखं ताठ होऊन ताप आला तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

मदत कुठं मिळेल?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज करता येतो. तिथंच फिजिओथेरपी विभागाचीही चौकशी करा. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ या संस्था पेशंट आणि घरच्यांसाठी काम करतात.

ऑपरेशनवर लाखो रुपये खर्च झालेत. त्याचं चीज व्हायचं तर रोजचा अर्धा तास सोडू नका. त्याला पैसे लागत नाहीत. चुन्याचे चार पट्टे आणि सोबत चालायला घरातलं एक माणूस लागतं.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. व्यायाम आणि औषधात बदल आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करावा.)