टोपलीवाल्या मावशींपासून सुरुवात

बसमध्ये आठ जागा, थांब्यावर आठ प्रवासी आणि प्रत्येकाचं काही ना काही म्हणणं. एकाला खिडकी हवी, दुसऱ्याला शेजारी शांतता हवी, तिसऱ्याला वास सहन होत नाही. बोटाने एकेकाला उचलून जागेवर सोडायचं आणि सगळे खूश झाले की कोडं सुटलं. बार्सिलोनाच्या पोटी पोटी स्टुडिओने 2025 साली आणलेला ‘इज धिस सीट टेकन?’ हा याच जातीचा खेळ. त्यातले प्रवासी म्हणजे भूमितीतले आकार आहेत, आणि डोक्यावर घड्याळ टिकटिकत नाही. हे दुसरं फार चांगलं झालं, कारण अशी कोडी घाईने सुटत नाहीत, आणि सुटली तरी त्यातून हाती काही लागत नाही.

बँक भरतीच्या परीक्षा देणाऱ्यांना हा प्रकार ‘बैठक व्यवस्था’ म्हणून पुरेपूर माहीत असतो. तिथे मात्र वेळ मोजून दिलेला असतो आणि समोर चित्रही नसतं. त्याआधीचं घराणं पाहायचं तर डिसेंबर 1962 मध्ये ‘लाइफ इंटरनॅशनल’ या मासिकात छापून आलेलं पाच घरांचं कोडं आठवतं: पाच रंगांची घरं, पाच देशांचे रहिवासी, आणि शेवटचा प्रश्न, झेब्रा कोणाकडे आहे? घरांऐवजी खुर्च्या ठेवल्या की आपण मोबाइलच्या पडद्यावर पोहोचतो. रीत तीच राहते. ती रीत कळावी म्हणून एक कोडं मुद्दाम रचलं आहे. ते शेवटपर्यंत सोडवू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर उत्तम.

छोटी बस आहे. दोन रांगा, मध्ये पॅसेज, पॅसेजच्या दोन्ही बाजूंना दोघांचं एकेक बाक. पुढच्या रांगेत डावीकडून उजवीकडे 1, 2, मग पॅसेज, मग 3, 4. मागच्या रांगेत तसंच 5, 6, पॅसेज, 7, 8. म्हणजे 1, 4, 5 आणि 8 या खिडकीच्या जागा, बाकीच्या चार पॅसेजकडच्या. एकाच बाकावरचे दोघे एकमेकांचे शेजारी. आवाज किंवा वास पोहोचतो तो बाकावरच्या शेजाऱ्याला आणि थेट पुढच्या किंवा मागच्या जागेवरच्याला. पॅसेज ओलांडून पोहोचत नाही, तिरकाही जात नाही.

आता प्रवासी. आजींना पुढची रांग हवी. नातवाला आजीशेजारी बसायचं आहे, तेही खिडकीशी. एक तरुण मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतो आणि त्याला मागची रांग हवी. कॉलेजातल्या मुलीला त्या गाणेवाल्याशेजारीच बसायचं आहे, पण मासळीचा वास तिला चालत नाही. रात्रपाळी करून निघालेल्या झोपाळू गृहस्थांना खिडकी हवी, आणि ऊन डावीकडून येत असल्याने ती उजवीकडचीच हवी. शिवाय गाणी नकोत, वास नको. पुस्तक वाचणाऱ्या बाईंनाही गाणी नकोत, वास नको. एक उंच माणूस आहे, पाय लांब करता यावेत म्हणून त्याला पॅसेजकडची जागा हवी. आणि आठव्या मासळीची टोपली घेतलेल्या मावशी. त्यांची कसलीही अट नाही, कुठेही बसवा.

बहुतेक जण इथे पहिली चूक करतात ती मावशींना शेवटी ठेवण्याची. त्यांची काही अट नाही, मग उरेल ती जागा त्यांना देऊ, असा विचार साहजिक वाटतो. पण अटी मोजायच्या त्या माणसाने घातलेल्या तेवढ्याच नव्हेत, त्याच्याबद्दल इतरांनी घातलेल्याही मोजायच्या. झोपाळू, वाचणाऱ्या बाई आणि कॉलेजची मुलगी, तिघांनाही मावशी जवळ नकोत. स्वतः काहीच न मागणारी ही व्यक्ती या बसमध्ये चांगलीच बांधलेली आहे. कोडं उघडताना प्रत्येकाच्या नावापुढे ‘याचं म्हणणं’ आणि ‘याच्याबद्दलचं म्हणणं’ असे दोन्ही भाग लिहून काढावेत. ज्याच्या नावापुढे गर्दी जास्त, त्याच्याकडे आधी बघावं.

दुसरी गोष्ट खास मोबाइलच्या खेळातली आहे आणि ती कळली की निम्मी डोकेदुखी जाते. प्रवासी जागेवर बसवला की खेळ त्याचा चेहरा लगेच बदलून दाखवतो. पण तो चेहरा त्या क्षणापुरताच खरा असतो. झोपाळूंना रिकाम्या बसमध्ये 4 क्रमांकावर बसवलं तर ते हसतील. गाणी नाहीत, वास नाही, कारण अजून कोणी आलेलंच नाही. ‘नको’ असलेल्या सगळ्या अटी रिकामेपणी आपोआप पाळल्या जातात. उलट नातवाला बरोबर जागी बसवलं तरी आजी येईपर्यंत तो नाराज दिसेल. म्हणजे सुरुवातीला खेळ चुकीच्या जागेला हसतो आणि योग्य जागेवर रुसतो. चेहरे बघत बघत पुढे गेलं तर माणूस सहाव्या-सातव्या प्रवाशापर्यंत सुखाने पोहोचतो आणि तिथे अडकतो. म्हणून निम्म्याहून अधिक बस भरेपर्यंत चेहऱ्यांकडे लक्षच देऊ नये.

मग हातात घ्यायचं काय? अटींचे दोन ढीग करा. काही अटी जागेबद्दल असतात: खिडकी, पॅसेज, पुढची रांग. काही माणसांबद्दल असतात: हा शेजारी हवा, तो नको. पडद्यावर जागा दिसत असतात म्हणून आपण आपसूक पहिल्या ढिगाकडे वळतो. पण खरी ताकद दुसऱ्या ढिगात आहे. कोणालाही जागेवर न बसवता आधी जोड्या लावून पाहू.

आजी आणि नातू एका बाकावर, ही एक जोडी झाली. गाणेवाला आणि कॉलेजची मुलगी, ही दुसरी. उरले चौघे: झोपाळू, वाचणाऱ्या बाई, उंच माणूस आणि मावशी. बस पूर्ण भरणार आहे, त्यामुळे मावशींच्या बाकावर या उरलेल्या तिघांपैकीच कोणीतरी येणार. झोपाळूंना वास नको, वाचणाऱ्या बाईंना नको. राहिला उंच माणूस. मावशी आणि उंच माणूस, तिसरी जोडी. मग झोपाळू आणि वाचणाऱ्या बाई ही चौथी जोडी आपोआपच लागली.

इथे क्षणभर थांबून काय झालं ते पाहण्यासारखं आहे. आठ जणांना आठ जागांवर बसवण्याचे 40,320 प्रकार होतात. एकालाही न बसवता, केवळ चार जोड्या ठरवून, आपण त्यांतले 384 शिल्लक ठेवले: चार जोड्या चार बाकांवर 24 प्रकारे, आणि प्रत्येक बाकावर दोघांची अदलाबदल धरून त्याच्या 16 पट. बोटाने ओढाओढ करून हे कधीच झालं नसतं.

आता जागेच्या अटी आणा, फार सोपं आहे. प्रत्येक बाकावर एक खिडकी आणि एक पॅसेज. नातू खिडकीशी, म्हणून आजी पॅसेजकडे. उंच माणूस पॅसेजकडे, म्हणून मावशी खिडकीशी. झोपाळू खिडकीशी, म्हणून वाचणाऱ्या बाई पॅसेजकडे. गाणेवाला आणि मुलगी यांच्यात कोण कुठे, ते अजून ठरलेलं नाही. आजींचं बाक पुढच्या रांगेत, गाणेवाल्याचं मागच्या. एवढ्यावर 384 चे 16 उरतात.

पुढची पायरी मला सर्वांत सुंदर वाटते. झोपाळू आणि वाचणाऱ्या बाई यांच्या बाकाकडे पाहा. दोघांनाही गाणी नकोत, दोघांनाही वास नको. त्यांच्या थेट पुढे किंवा मागे कोणतं तरी एक बाक असणारच. ते गाणेवाल्याचं असू शकेल का? नाही, कारण तो खिडकीशी बसो वा पॅसेजकडे, या दोघांपैकी एकाच्या नेमका समोर किंवा पाठीशी येईल. मावशींचं असू शकेल का? त्या खिडकीशी आहेत, म्हणजे झोपाळूंच्याच रेषेत येतील. तेही नाही. उरलं फक्त आजींचं बाक. आजी पुढच्या रांगेत आहेत, तेव्हा झोपाळूंचं बाक आजींच्या मागे.

बाकीचं आता स्वतःहून घडत जातं. बसच्या दुसऱ्या बाजूला दोन बाकं राहतात. गाणेवाल्याला मागची रांग हवी, म्हणून त्याचं बाक मागे आणि मावशींचं पुढे. मावशी खिडकीशी आहेत. त्यांच्या मागच्या खिडकीशी मुलगी बसली तर तिला वास येईल, म्हणून तिथे गाणेवाला आणि मुलगी पॅसेजकडे. मावशींना गाण्यांचा त्रास नाही आणि गाणेवाल्याला वासाचा नाही. मुलीच्या पुढे येतो तो उंच माणूस.

एवढं होऊनही आपण डावी-उजवी बाजू ठरवलेली नाही. सगळी बस आरशात पाहिली तरी आत्तापर्यंतची प्रत्येक अट पाळलेलीच राहते. अशा कोड्यांत आरशातली दोन उत्तरं जवळजवळ नेहमी असतात आणि त्यांतलं एक निवडायला रचणारा एखादी बाजू सांगणारी अट ठेवतो. इथे ती ऊन आहे. ती अट सुरुवातीलाच वापरायचा मोह होतो, पण तेव्हा ती झोपाळूंना 4 की 8 एवढंच सांगते आणि आपल्याला दोन फांद्यांवर चालावं लागतं. शेवटी वापरली तर एका फटक्यात काम संपतं. झोपाळू उजवीकडे, 8 वर. म्हणून वाचणाऱ्या बाई 7 वर, आजी 3 वर, नातू 4 वर. डावीकडे मावशी 1, उंच माणूस 2, गाणेवाला 5, मुलगी 6. प्रत्येकाची अट पुन्हा एकदा वाचून ताळा करून पाहा.

सगळी कोडी इतक्या सरळ जोड्या देत नाहीत. काहींत प्रवासी सहा आणि जागा आठ असतात. तेव्हा मघाचं ‘उरलेल्या तिघांपैकीच कोणीतरी’ हे वाक्य लंगडं पडतं, कारण मावशींशेजारी कोणीच नसेल हीही शक्यता राहते. त्यावर उपाय असा की रिकामी जागा हीसुद्धा एक प्रवासी धरायची: अट नसलेली आणि कोणाला त्रास न देणारी. दोन रिकाम्या जागा म्हणजे असे दोन समजूतदार प्रवासी. मग बस पुन्हा पूर्ण भरते आणि जोड्या लावण्याचं तेच गणित चालतं. भांडकुदळ प्रवाशांच्या मध्ये हे दोघे कुठे खर्च करायचे, एवढाच प्रश्न उरतो.

गोल टेबलाची गोष्ट थोडी वेगळी. तिथे पहिली खुर्ची नसते, त्यामुळे सर्वांत जास्त बांधलेल्या माणसाला डोळे मिटून कुठेही बसवता येतं. आठ जणांचे 40,320 प्रकार तेवढ्यानेच 5,040 होतात. सगळे मध्याकडे तोंड करून बसले असतील तर प्रत्येकाचा डावा हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेला येतो, बाहेर तोंड असेल तर उजवा. परीक्षेत निम्मे आत आणि निम्मे बाहेर तोंड करून बसवतात, तेव्हा प्रत्येक नावाशी छोटा बाण काढून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि जिथे दोन शक्यता उरतातच, तिथे फांदी फोडायला हरकत नाही. फक्त लवकर मोडेल अशी फांदी आधी तपासावी. जिथे तीन-चार अटी लगेच लागू होतात, ती फांदी दोन पावलांत एक तर खरी ठरते किंवा तुटते. फांदीवर आणखी फांदी फुटू लागली तर परत यावं आणि एखादी अट नजरेतून सुटली आहे का ते पाहावं.

कोडं समजलं की नाही याची परीक्षा मात्र उत्तराने होत नाही, एकेक अट काढून बघितल्याने होते. आपल्या बसमधून मुलीची वासाची अट काढली, तर ती आणि गाणेवाला जागा बदलू शकतात, दोन उत्तरं मिळतात. आजींची पुढच्या रांगेची अट काढली तरी दोनच. पण वाचणाऱ्या बाईंची फक्त वासाची अट काढा. आता मावशींच्या शेजारी उंच माणूसच हवा, ही सक्ती राहत नाही. तिथे वाचणाऱ्या बाई चालतात आणि उंच माणूस झोपाळूंकडे जाऊ शकतो. तिसरी आणि चौथी जोडी सुटताच एका उत्तराची नऊ होतात, आणि ती नऊही झोपाळूंना उजवीकडच्या खिडकीशीच ठेवून. त्यांतलं एक आपलं मघाचंच. उरलेली आठ शोधताना झोपाळू आणि उंच माणूस यांचं बाक कोणाच्या पुढे किंवा मागे येतं यावरून तीन गट पाडले, तर आजींच्या मागे दोन, गाणेवाल्याच्या पुढे दोन आणि मावशींच्या पुढे किंवा मागे मिळून चार सापडतील.