उमरीचे ‘उमर’ का होते? विकीच्या मजकुराविषयी काही गैरसमज

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यातला मजकूर आज शोधयंत्रांना, वाचून दाखवणाऱ्या साधनांना आणि भाषेच्या संगणकीय अभ्यासाला लागतो. त्यासाठी विकीच्या खुणा काढून साधा मजकूर वेगळा करावा लागतो. काम किरकोळ वाटते, पण बहुतेक चुका इथेच होतात. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीचे उदाहरण घेऊन पाहू.

गैरसमज : कंस आणि चिन्हे पुसली की साधा मजकूर मिळतो.

वस्तुस्थिती : लेखाचे संपादन उघडल्यावर असे वाक्य दिसू शकते : '''उमरी''' हा [[नांदेड जिल्हा|नांदेड]]मधील तालुका आहे. तीन अवतरणचिन्हांमुळे शब्द ठळक होतो. दुहेरी कंसातला उभ्या रेघेआधीचा भाग म्हणजे दुव्याचे ठिकाण. वाचकाला दिसतो तो रेघेनंतरचा भाग. नुसती चिन्हे पुसली तर ‘नांदेड जिल्हानांदेडमधील’ असा गोंधळ हाती येतो. त्यात साच्याच्या, म्हणजे दुसऱ्या पानावरून आणलेल्या तयार मजकुराच्या, पोटात साचा आणि त्याच्या पोटात दुवा असू शकतो, त्यामुळे सरधोपट शोधा-आणि-बदला इथे अपुरे पडते. शिवाय विकीच्या लेखनात ‘व्याकरणाची चूक’ असा संदेश येत नाही. कंस अर्धवट राहिला तरी विकी चालवणारी मीडियाविकी ही प्रणाली काहीतरी दाखवतेच, आणि तसे अर्धवट कंस लेखांत टिकून राहतात.

गैरसमज : साचे सरसकट उडवले तरी मजकुराचे काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती : माहितीचौकट किंवा तळाचा तालुक्यांचा साचा गाळला तर वाक्ये शाबूत राहतात. पण अंतर, क्षेत्रफळ किंवा तारीख दाखवणारे साचे वाक्याच्या मधोमध असतात. ते उडवले की ‘उमरी नांदेडपासून अंतरावर आहे’ असे आकडा नसलेले वाक्य उरते. कोणता साचा गाळायचा आणि कोणता उलगडायचा, हे ठरवावेच लागते.

गैरसमज : इंग्रजीवर चाललेले साधन मराठीवरही तसेच चालेल.

वस्तुस्थिती : खरी पडझड इथे होते. मराठी विकीवर ‘वर्ग:’, ‘चित्र:’, ‘साचा:’ ही नामविश्वे, म्हणजे पानांच्या प्रकारांची नावे, आहेत. फक्त इंग्रजी नावे ओळखणारे साधन वर्गांची यादी लेखाच्या मजकुरातच सोडून देते. दुव्याला चिकटलेला प्रत्ययही महत्त्वाचा आहे. दुव्यानंतर आपोआप मोकळी जागा घातली तर ‘नांदेड मधील’ असे दोन तुकडे होतात.

पुढचा सापळा काना-मात्रांचा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या नेहमीच्या शब्दशोधाच्या सोयीत ‘शब्दातले अक्षर’ या व्याख्येत मात्रा आणि अनुस्वार बसत नाहीत. त्यामुळे ‘उमरी’तून ‘उमर’ एवढेच हाती लागते आणि ‘नांदेड’चे ‘न’, ‘द’, ‘ड’ असे तीन तुकडे पडतात.

‘दुसऱ्या’सारख्या शब्दांतला अर्धा र दोन प्रकारे साठवलेला सापडतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसऱ्यात साधा ‘र’ आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह असते. ‘अदृश्य कचरा’ समजून ते चिन्ह पुसले की शब्द ‘दुसर्या’ होतो. पडद्यावर सारखे दिसणारे हे दोन प्रकार शोधयंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात.

गैरसमज : यावर उपाय म्हणजे प्रत्येकाने आपला पार्सर, म्हणजे विकिमजकुराची रचना ओळखणारा प्रोग्रॅम, लिहिणे.

वस्तुस्थिती : विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने दृश्य संपादकासाठी पार्सॉइड हा पार्सर तयार केला. तो आधी जावास्क्रिप्टमध्ये होता, २०१९ मध्ये पीएचपीत आणला गेला. तो साचे उलगडून एचटीएमएल देतो आणि कोणता भाग साच्यातून आला याची खूणही ठेवतो. कच्च्या विकिमजकुरावर कात्री चालवण्यापेक्षा या एचटीएमएलमधून परिच्छेद उचलणे आणि तळटिपा, चौकटी, वर्ग वगळणे अधिक भरवशाचे असते.

मात्र पुढची मराठी तपासणी आपल्यालाच करावी लागते. मजकूर तयार करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि प्रोग्रॅमरांनी हजारो लेख चाळण्याआधी ‘उमरी’, ‘नांदेडमधील’ आणि ‘दुसऱ्या’ हे तीन शब्द आपल्या साधनातून काढून पाहावेत. तिन्ही जसेच्या तसे बाहेर आले, तरच पुढचे काम हाती घ्यावे.